कमल, कलम आणि रेशमाचा धागा

बेळगावातल्या वडगावच्या एका विणकर घरातली मुलगी माझ्या पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) वर्गात होती. एकदा तास संपल्यावर तिनं दप्तरातून दोन धागे काढले, एक खऱ्या रेशमाचा आणि एक पॉलिएस्टरचा. गिऱ्हाइकानं शंका काढली की तिचे वडील धाग्याचं टोक पेटवून दाखवतात. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. रेशीम जळतं आणि उरलेली राख बोटांत चुरडते. हे सगळं तिला लहानपणापासून ठाऊक. तिची शंका वेगळीच होती. "मॅडम, रेशीम जाळलं की केस जळल्यागत वास येतोय, असं का ओ?"

केस प्रथिनाचे आणि रेशीमही प्रथिनाचंच, म्हणून. हे सांगितल्यावर तिनं लगेच विचारलं, "दोन्ही एकच, तर मग केसाला रेशमाची झळाळी का नाही?" त्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

आमच्या सीमाभागातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पीयूसीला विज्ञान एकदम इंग्रजीतून समोर येतं. प्रथिनांच्या रचनेच्या चार पातळ्या ती पाठ करतात. पहिली 'प्राथमिक संरचना'. प्राथमिक म्हटलं की प्राथमिक शाळा आठवते, म्हणजे सोपं आणि मागे टाकून पुढे जायचं काहीतरी. 'अमिनो आम्लांचा क्रम' एवढी व्याख्या लिहून मुलं पुढच्या वळणांची आणि घड्यांची चित्रं काढायला घेतात. मला मात्र त्या व्याख्येपाशीच थांबावंसं वाटतं, कारण पुढची सगळी वळणं तिथूनच निघतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या छोट्या रेणूंची साखळी. ही आम्लं मुख्यतः २०. प्रत्येकाच्या मध्यभागी एक कार्बन, त्याच्या एका बाजूला अमिनो गट, दुसऱ्या बाजूला कार्बॉक्सिल गट, आणि शिवाय एक लोंबती शाखा. शाखा बदलली की आम्ल बदललं. एकाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाला जोडला जातो, तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. असं एकापुढे एक जोडत गेलं की साखळी होते. 'कमल' आणि 'कलम' यांत अक्षरं तीच, पण एकाचा वास घेतात आणि दुसऱ्यानं लिहितात. आम्लांच्या साखळीतही क्रम बदलला की पदार्थ बदलतो. साखळीला दिशाही असते. मोकळा अमिनो गट ही सुरुवात, मोकळा कार्बॉक्सिल गट हा शेवट. उलटं वाचलं तर 'नदी'चं 'दीन' होतं, तसंच ग्लायसिन-अलॅनिन आणि अलॅनिन-ग्लायसिन हे दोन वेगळे पदार्थ आहेत. दोन आम्लांच्या साखळ्या ४०० प्रकारच्या होऊ शकतात, तीनच्या ८,०००. शंभरच्या किती, ते लिहायचं तर एकावर १३० शून्यं द्यावी लागतात.

आता रेशीम. रेशीमकिड्याच्या धाग्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे फायब्रोइन. त्याची मोठी साखळी ५,२६३ अमिनो आम्लांची आहे. एवढ्या लांब मजकुरात विविधता किती असेल असं वाटतं, पण त्यातली जवळपास ४६ टक्के आम्लं एकटी ग्लायसिन, ३० टक्के अलॅनिन आणि १२ टक्के सेरिन. क्रमही भजनातल्या धृपदासारखा परत परत येणारा: ग्लायसिन, अलॅनिन, ग्लायसिन, अलॅनिन, ग्लायसिन, सेरिन. ग्लायसिनची शाखा म्हणजे नुसता एक हायड्रोजन, आणि अलॅनिनचीही अगदी छोटी. आड येणारं काही नसल्यामुळे साखळ्या ताठ पसरतात आणि शेजारी शेजारी दाटीनं बसतात. त्यांचे थरावर थर रचले जातात. रेशमाची मजबुती या दाटीत आहे. केसातल्या केराटिनच्या साखळ्या मात्र स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात. त्यांत सिस्टीन नावाचं गंधकयुक्त आम्ल भरपूर असतं, आणि दोन सिस्टीनमधल्या गंधकाच्या टाक्यांनी साखळ्या एकमेकींना शिवलेल्या असतात. साहित्य त्याच वीस अक्षरांचं, पण मजकूर निराळा, म्हणून धागाही निराळा.

हा मजकूर वाचता येतो, हे पहिल्यांदा दाखवलं केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा प्रथिनाला ठरावीक क्रम असतो, हेच अनेक रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. सँगर यांनी गाईचं इन्सुलिन घेतलं. त्यात दोन साखळ्या, एक २१ आम्लांची आणि दुसरी ३० ची. त्यांची युक्ती मी वर्गात आपल्या हायवेवरून सांगते. समजा, बेळगावहून कोल्हापूरला जाताना लागणाऱ्या गावांची यादी कुणी फाडून टाकली. एका तुकड्यावर 'निपाणी, कागल, कोल्हापूर' आहे, दुसऱ्यावर 'काकती, हत्तरगी, संकेश्वर', तिसऱ्यावर 'संकेश्वर, निपाणी', आणि चौथ्यावर 'बेळगाव, काकती'. रस्ता कधी न पाहिलेला माणूससुद्धा सामायिक नावं जुळवत पूर्ण क्रम लावेल. सँगर यांनी आम्लानं आणि विकरांनी साखळीचे असेच तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या आम्लाला चिकटून पिवळा रंग देणारं रसायन त्यांनी वापरलं, त्यामुळे सुरुवात कुठली ते कळे. आपल्या रस्त्यावर एक गाव एकदाच येतं, साखळीत तेच आम्ल पुन्हा पुन्हा येतं. म्हणून त्यांना ढिगानं तुकडे जुळवावे लागले आणि सुमारे दहा वर्षं लागली. १९५५ पर्यंत पूर्ण क्रम आणि गंधकाचे तिन्ही टाके हाती आले. १९५८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.

आज घरोघरी फ्रिजच्या दारात इन्सुलिन ठेवलेलं असतं, म्हणून हा क्रम मला फार जवळचा वाटतो. डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ पैकी एकाच जागेचा फरक आहे, गाईच्या आणि माणसाच्या तीन जागांचा. म्हणूनच कित्येक दशकं प्राण्यांच्या इन्सुलिनवर माणसं जगली. पुढे शास्त्रज्ञांनी मोठ्या साखळीतल्या २८ व्या जागेवरचं प्रोलिन आणि २९ व्या जागेवरचं लायसिन यांची फक्त अदलाबदल केली. हेच इन्सुलिन लिस्प्रो. साधं इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी टोचावं लागतं, कारण त्याचे रेणू गट करून राहतात आणि सुटे व्हायला वेळ घेतात. लिस्प्रोचे रेणू पटकन सुटे होतात, त्यामुळे ते पानावर बसताना घेतलं तरी चालतं. याच्या उलट, हिमोग्लोबिनच्या १४६ आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो. व्हर्नन इनग्राम यांनी हा फरक १९५० च्या दशकात शोधला. तो पुस्तकात आहेच.

क्रमच घडी ठरवतो, याचा सर्वांत देखणा पुरावा ख्रिश्चन ॲनफिन्सन यांचा. १२४ आम्लांच्या एका विकराची घडी त्यांनी रसायनं घालून पूर्ण उलगडली, टाकेही उसवले. तेव्हा ते निकामी झालं. रसायनं काढून घेतल्यावर ती साखळी पुन्हा पहिल्यासारखी दुमडली आणि कामाला लागली. कुणी तिला दाखवलं नव्हतं. या कामासाठी त्यांना १९७२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

इथे मुलांचा एक गोंधळ हमखास होतो. उष्णतेनं प्रथिन 'मोडतं' म्हणजे क्रम मोडतो, असं त्यांना वाटतं. आपला कुंदा घ्या. दूध तासन् तास आटवतात, ढवळतात, दाणेदार करतात. दुधातल्या प्रथिनांच्या घड्या त्यात विस्कटतात, लायसिनच्या शाखांना साखर चिकटून रंग तपकिरी होतो, खमंग वास सुटतो. एवढं होऊनही साखळ्यांमधले पेप्टाइड बंध बहुतेक जागच्या जागी असतात. ते तुटतात आपण कुंदा खाल्ल्यावर. जठरात पेप्सिन आणि आतड्यात ट्रिप्सिन त्यांना तोडतात. ट्रिप्सिन तर नेमकं लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढेच कात्री चालवतं. पुढे सुटी झालेली अक्षरं शरीर घेतं आणि आपल्या जनुकांतल्या क्रमानं नवीन मजकूर लिहितं. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जशी काठाची नक्षी ठरवते, तसं हे काम चालतं.

त्या मुलीला मी हे सगळं दोन-तीन दिवसांत सांगितलं. मग तिनं घरातली गोष्ट काढली. तिची आजी रेशमी साडी फक्त रिठ्याच्या पाण्यात धुते, धुण्याच्या सोड्याला जवळ येऊ देत नाही आणि साडी सावलीतच वाळवते. आजीचं बरोबर आहे. तीव्र अल्कली रेशमातले पेप्टाइड बंध तोडतात, ब्लीचमध्ये तर रेशीम चक्क विरघळतं, आणि उन्हातले अतिनील किरण साखळ्या हळूहळू तोडत राहतात. जुना शालू घडीवर चिरतो, तेव्हा आतमध्ये तीच ग्लायसिन-अलॅनिनची ओळ ठिकठिकाणी तुटलेली असते.