असरच्या दोन वेळा आणि त्यामागचा बाराशे वर्षांचा वाद

नमाजच्या वेळा दाखवणारं कुठलंही ॲप घ्या, सेटिंगमध्ये असरसाठी, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजसाठी, दोन पर्याय येतात, हनफी आणि शाफई, सुन्नींच्या कायद्याच्या चार मजहबांपैकी म्हणजे पंथांपैकी दोन. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे दुपारची मूळ सावली सोडून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की आमची असर लागते, हनफी मंडळी ती दुप्पट व्हायची वाट बघतात. त्यामुळे मुंबईत कोकणी मशिदीतली असरची अजान होऊन गेल्यावर जवळपास तासाभराने शेजारच्या उत्तर भारतीय मोहल्ल्यातली ऐकू येते. लहानपणी मला वाटायचं की दोघांपैकी एक जण चुकतोय. मोठेपणी थोडं वाचल्यावर कळलं की दोघांकडे पुरावा आहे, आणि गंमत म्हणजे ज्यांच्या नावावरून हनफी म्हणतात त्या इमाम अबू हनीफांचे दोन सगळ्यात मोठे शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी, या मुद्द्यावर गुरूच्या विरुद्ध म्हणजे आमच्याच बाजूला होते.

हे सांगायचं कारण असं की मला कायम विचारतात, तुमच्या कुरआनमध्ये याबद्दल नेमकं काय लिहिलंय? लिहिलंय या शब्दातच घोटाळा आहे. कुरआनमध्ये 114 सूरा म्हणजे अध्याय, सहा हजारांच्या वर आयती म्हणजे वचनं, आणि जुने उलमा म्हणजे धर्मपंडित त्यातल्या साधारण पाचशे आयती कायद्याच्या धरतात, बाकी सगळं श्रद्धा, नीती, मागच्या पैगंबरांच्या गोष्टी. काही ठिकाणी एकदम काटेकोर हिशोब आहे, सूरा निसामध्ये वारसाचे वाटे बघा, एकुलती एक मुलगी असेल तर तिला अर्धा, मूलबाळ असेल तर बायकोला एक अष्टमांश. पण रोज पाच वेळा पढायच्या नमाजमध्ये रकात, म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतच्या फेऱ्या, किती हे कुरआनमध्ये नाही. ते पैगंबर साहेबांनी करून दाखवलं, लोकांनी बघितलं, पुढे सांगितलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून पुस्तकासोबत सुन्नत, म्हणजे पैगंबर साहेबांची रीत, होतीच.

पैगंबर साहेब 632 मध्ये मदिनेत वारले. कुरआन एकत्र लिहून काढायचं काम पहिले खलिफा हजरत अबू बकर यांच्या काळात झैद बिन साबित यांनी केलं आणि 650 च्या आसपास तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी एकच प्रत ठरवून ती मोठ्या शहरांना पाठवली. मजकुराचा प्रश्न तिथे मिटला, पण कायद्याचा कसा मिटणार, कारण तोवर राज्य इराक, इराण, शाम म्हणजे सीरिया, मिसर म्हणजे इजिप्तपर्यंत पसरलं होतं आणि काझीपुढे रोज असे खटले यायचे जे मदिनेत कधी उभेच राहिले नव्हते. पैगंबर साहेबांचे साथी मुआझ बिन जबल यांची हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांच्या बोलण्या-वागण्याची पुढे सांगत आलेली नोंद, इथे नेहमी सांगतात, त्यांना यमनला पाठवताना पैगंबर साहेबांनी विचारलं की निवाडा कशाने करशील, ते म्हणाले अल्लाहच्या किताबने, त्यात नाही मिळालं तर रसूलच्या सुन्नतने, त्यातही नाही मिळालं तर स्वतःच्या बुद्धीने पूर्ण प्रयत्न करीन. या हदीसच्या सनदीवर, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीवर, काही मुहद्दिसांनी म्हणजे हदीसच्या जाणकारांनी शंका घेतलीय, तरी इज्तिहादचा, म्हणजे असा स्वतः विचार करून निवाडा काढण्याचा, विषय निघाला की ती हमखास येते.

पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत दोन मोठी केंद्रं तयार झाली. इराकातल्या कूफ्यात अबू हनीफा, जन्म 699, स्वतः रेशमी कापडाचे व्यापारी, बाजारात व्यवहार कसा चालतो ते हातात कापड धरून शिकलेले. त्यांच्या परंपरेतला एक मसला, म्हणजे कायद्याचा प्रश्न, मला फार आवडतो. नियम असा की जी वस्तू अजून अस्तित्वातच नाही ती विकता येत नाही. मग मोच्याला पायाचं माप देऊन जोडा बनवायला सांगितला, ते चालेल का? सरळ नियम लावला तर नाही. पण लोक पूर्वापार हे करत आलेत, कोणी हरकत घेतली नाही, लोकांची गरज आहे, म्हणून हनफींनी ते जायज ठरवलं, आणि अशा वाटेला नाव आहे इस्तिहसान. दुसरीकडे मदिनेत इमाम मालिक, मृत्यू 795, त्यांचं म्हणणं असं की अहो, हे पैगंबर साहेबांचं शहर आहे, इथले लोक पिढ्यानपिढ्या जसं वागत आलेत तीच जिवंत सुन्नत.

या दोघांच्या मध्ये उभे राहिले इमाम शाफई. जन्म 767 चा, गझाचा, अबू हनीफा वारले तेच वर्ष. मक्केत वाढले, मदिनेत मालिकांकडे शिकले, बगदादला जाऊन शैबानींकडे हनफी विचार शिकले, म्हणजे दोन्ही घरचं मीठ खाल्लेला माणूस. त्यांनी अर्-रिसाला या आपल्या पुस्तकात दोन्हीकडच्यांना अडवलं, एखाद्या शहराची रीत ही सुन्नत नाही, सुन्नत म्हणजे खात्रीच्या सनदीने थेट पैगंबर साहेबांपर्यंत पोचणारी हदीस, आणि मत द्यायचं तर मनाला बरं वाटतं म्हणून नाही, कियास करूनच, म्हणजे ठरलेल्या हुकुमामागचं कारण बघून तो नव्या गोष्टीला लावूनच. आज मदरशात जो क्रम पाठ करून घेतात, कुरआन, सुन्नत, इज्मा, कियास, त्याची बांधणी इथली. शेवटी मिसरमध्ये गेल्यावर त्यांनी स्वतःचीच बरीच मतं बदलली, म्हणून शाफई फिकहमध्ये, म्हणजे कायदेशास्त्रात, जुनं मत आणि नवं मत असे दोन वेगळे शब्द आहेत. एवढा मोठा इमाम उघडपणे मत बदलतो आणि शिष्य दोन्ही मतं जपून ठेवतात, मला याचं खूप कौतुक वाटतं.

अजून एक, लोकांना वाटतं आधी हदीसची पुस्तकं आली आणि मग त्यावरून कायदा निघाला. पण शाफई वारले 820 मध्ये, आणि हदीसचा प्रसिद्ध संग्रह करणारे इमाम बुखारी 870 मध्ये, म्हणजे कायद्याची मांडणी आधीच झाली होती. बुखारींच्या संग्रहात एकच हदीस परत परत येते ती धरून सात हजारांवर हदीस आहेत, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नावांची साखळी, मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याला अमक्याने. मधला एक जण विसराळू निघाला किंवा ज्याचं नाव घेतो त्याला भेटलाच नव्हता असं निघालं की हदीस खालच्या दर्जाला जाते.

कियासचं नेहमीचं उदाहरण दारूचं, कुरआनमध्ये खम्र म्हणजे दारू हराम, कारण नशा, मग जे जे नशा आणतं त्यालाही तोच हुकूम. इज्मा म्हणजे उलमांचं एकमत, ऐकायला सोपं पण सगळ्यात जास्त भांडण इथेच. एका दमात दिलेले तीन तलाक तीन धरायचे यावर एकमत आहे असं चारही मजहबची पुस्तकं सांगत आली, पण सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात इब्न अब्बास यांनी सांगितलेली रिवायत आहे की पैगंबर साहेबांच्या, अबू बकर यांच्या आणि दुसरे खलिफा उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या काळात ते एकच धरायचे. चौदाव्या शतकात इब्न तैमिया या आलिमांनी हे धरूनच वेगळं मत दिलं. शियांकडे मांडणी निराळी, तिथे पैगंबर साहेबांच्या घराण्यातल्या इमामांचा शब्द येतो आणि बारा इमामी कियासऐवजी अक्ल म्हणजे बुद्धी मानतात, आपल्याकडचे दाऊदी बोहरा दहाव्या शतकातल्या काझी नुमान यांच्या दआइमुल इस्लाम या कायद्याच्या ग्रंथावर चालतात.

कोकणात शाफई मत आलं ते समुद्रातून, अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर, आणि माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांनी अरबीत कुरआनची तफसीर म्हणजे भाष्य लिहिलं, तेही शाफईच. आमच्या ताटातली कोळंबी पण तिथूनच येते असं म्हणा ना, शाफईंना समुद्राचं पाणी पाक आणि त्यातलं मेलेलं हलाल ही हदीस पुरते, हनफींकडे समुद्रातला फक्त मासा चालतो म्हणून कोळंबी मासा आहे का नाही यावर आजही चर्चा होते.

पण हे सगळं फक्त ताटापुरतं नाही. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत बायकोने थांबायचं, म्हणजे जवळजवळ आयुष्यभर. सुटका नाही म्हणून पंजाबात काही बायका धर्मच सोडायला लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह तुटतो असं धरलं जायचं. तेव्हा देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी, पक्के हनफी, यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मदिनेच्या मालिकी उलमांकडून फतवे मागवले आणि गरज पडली तर मालिकी मत घ्यावं असं लिहून दिलं. मालिकींकडे मुदत चार वर्षांची. 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा त्यातून पुढे आला, आणि त्याच्या दुसऱ्या कलमात बाईला तलाक मागायचं पहिलंच कारण दिलंय की नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नाही.