ब्लॉकेज किती टक्के, एवढंच विचारून भागत नाही

अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला की घरातले सगळे आधी एकच विचारतात, ब्लॉकेज किती टक्के? चाळीस ऐकलं की सगळ्यांना हायसं वाटतं, मग हळूहळू गोळ्या पण सुटतात, आणि मला खरी काळजी वाटते ती इथेच. कारण बरेच हार्ट अटॅक अशाच मध्यम ब्लॉकेजच्या जागी येतात, आधी कधी छातीत दुखलेलं नसतं, टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची टेस्ट, ती सुद्धा नॉर्मल असते.

आपल्या डोळ्यासमोर नळात साचलेला गाळ असतो, पण प्लाक, म्हणजे ब्लॉकेज करणारा चरबीचा थर, तसा आतून चिकटत नाही, तो रक्तवाहिनीच्या भिंतीत, अस्तराच्या खाली वाढतो. बीपी, शुगर, सिगारेट यांनी अस्तर दुखावलं की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणखी सहज आत शिरतं, अडकतं, मग ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, ते खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. या सगळ्यावर शरीर एक आवरण घालतं. ते जाड असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही, पण पातळ असेल आणि आत सूज असेल तर एक दिवस फाटतं, जखम झाल्यासारखं तिथे रक्त गोठतं आणि चाळीस टक्क्यांचे काही मिनिटांत शंभर होतात. मानेतल्या रक्तवाहिनीत असं झालं तर गुठळी मेंदूत जाऊन लकवा. पायात असेल तर चालताना पोटऱ्या दुखतात, थांबलं की बरं वाटतं, आणि लोक म्हणतात वय झालं.

वयाचं म्हणाल तर कोरियन युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची तपासणी 1953 मध्ये छापून आली, सरासरी वय फक्त 22, तरी तीन चतुर्थांशाहून जास्त जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत या रोगाच्या खुणा होत्या! आणि आपल्याकडे, म्हणजे दक्षिण आशियात, पहिला अटॅक इतरांपेक्षा साधारण पाच वर्षं आधी येतो, हे 52 देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं.

स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने ब्लॉकेजचे टक्के फारसे कमी होत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं उपयोग नाही. पण एलडीएल उतरलं की सूज कमी होते, आवरण घट्ट होतं, आणि हे सगळ्या रक्तवाहिन्यांत होतं, स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात ती जाळीची नळी, फक्त एका जागेचं बघतो. त्यामुळे गोळी मनाने बंद करू नका, आणि घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर डॉक्टरांना लायपोप्रोटीन ए या टेस्टबद्दल विचारा, हा रक्तातला एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण, त्याचं प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असतं, त्यामुळे बहुतेकांना ही टेस्ट आयुष्यात एकदा केली तरी पुरते.