बालवयातील ल्युकेमिया आणि दंतोपचार

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. मुलांमध्ये होणाऱ्या कर्करोगांत तो सर्वाधिक आढळतो. ल्युकेमिया झालेल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकार (एएलएल) असतो आणि तो बहुधा २ ते ५ या वयात उघड होतो. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी माजतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटल्या की रक्त थांबत नाही, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पक्व पांढऱ्या पेशी) घटले की जंतू आवरत नाहीत.

या सगळ्याच्या खुणा तोंडात दिसतात: फिकट हिरड्या, टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, न भरणारे व्रण. ल्युकेमियाच्या मायलॉइड या दुसऱ्या प्रकारात हिरड्या फुगून दातांवर चढू शकतात. दात स्वच्छ असूनही हिरड्यांतून रक्त झिरपत असेल, तर दात साफ करण्याआधी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करून घेणे शहाणपणाचे.

निदानानंतर दंतवैद्याला आधी रक्ताचा अहवाल पाहावा लागतो, मग दात. मर्यादा केंद्रागणिक बदलतात. तरी प्लेटलेट घनमिलिमीटरला ४०,००० किंवा न्यूट्रोफिल १,००० पेक्षा कमी असतील, तर टाळता येण्याजोगे उपचार सहसा पुढे ढकलतात. संसर्ग झालेला दात केमोथेरपीपूर्वी काढायचा आणि जखम भरायला ७ ते १० दिवस द्यायचे, हे आदर्श. प्रत्यक्षात इतकी सवड क्वचितच मिळते, कारण दातासाठी केमोथेरपी अडवून ठेवता येत नाही. दुधाच्या दाताची नस किडली, तर एरवी तो वाचवतात. इथे बहुधा काढूनच टाकतात. आत दबलेला संसर्ग न्यूट्रोफिल घसरताच उसळू शकतो.

व्हिन्क्रिस्टिन हे केमोथेरपीचे औषध हमखास चकवते. मूल दोन्ही बाजूंच्या दाढा धरून रडते, एक्सरेत मात्र कीड दिसत नाही. दुखणे मज्जातंतूचे असते आणि ते आपसूक ओसरते. दात काढला तर तो नाहक जातो. मेथोट्रेक्सेट या केमोथेरपीच्याच दुसऱ्या औषधाने तोंड सोलवटते, पाण्याचा घोटही झोंबतो. पूर्वी अशा वेळी ब्रश बंद करायला सांगत. आता अतिमऊ ब्रशने दात घासणे चालू ठेवतात. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक वर्ज्य, कारण ते प्लेटलेटच्या कामात अडथळा आणते. गोड पातळ औषधांनी कीड वाढते, तिकडे घरच्यांचे लक्ष जात नाही, साहजिकच आहे.

पाचव्या वर्षाआधी उपचार झालेल्या मुलांचे पक्के दात लहान राहणे, मुळे आखूड होणे किंवा एखादा दात न येणे हे जास्त दिसते. अशा मुलाला पुढे तारा लावायच्या झाल्यास आधी मुळांची लांबी एक्सरेत पाहतात आणि दातांवर जोर हलका, थोडाच काळ देतात.