तेलविहिरीतलं पाणी आणि हॅडॉकचं हृदय

समुद्रातलं तेलप्रदूषण म्हटलं की तेलाने माखलेला पक्षी आठवतो. 1989 मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डिझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं, तेव्हापासून हे चित्र डोक्यात पक्कं बसलंय. ब्रिटन आणि नॉर्वेच्या मधल्या उत्तर समुद्रात मात्र काहीही न आदळता, रोज, रीतसर परवान्याने थोडं थोडं तेल पाण्यात जातं.

समुद्रतळाच्या विहिरीतून तेल एकटं वर येत नाही. खडकाच्या छिद्रांत लाखो वर्षं अडकलेलं खारं पाणीही सोबत येतं. विहीर जुनी झाली की तेल कमी आणि पाणीच फार. एकट्या नॉर्वेच्या हद्दीत असं 10 कोटी घनमीटरहून जास्त पाणी दरवर्षी समुद्रात सोडतात. आधी ते निमुळत्या नळीत गरगर फिरवतात. डेअरीत दुधातून मलई वेगळी काढतात तसं, जड पाणी कडेला जातं आणि हलकं तेल मधोमध जमतं. उरलेलं तेल लिटरमागे सरासरी 30 मिलिग्रॅमच्या आत हवं, असा नियम आहे. मर्यादा पुरेपूर वापरली तर 10 कोटी घनमीटरमागे 3,000 टन होतात. प्रत्यक्षात आकडा बराच खाली असतो. पण ही मोजणी थेंबांची. फिनॉलसारखी विरघळलेली रसायनं त्या नळीला दाद देत नाहीत.

आता माझा आवडता भाग. कपाटातल्या डांबरगोळीच्या रेणूत कार्बनची दोन वलयं असतात. कच्च्या तेलातल्या फिनॅन्थ्रीन या रसायनात तीन. हृदयाची पेशी प्रत्येक ठोक्याला कॅल्शियमच्या जोरावर आकुंचन पावते, मग पोटॅशियम बाहेर सोडून पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होते. कच्चं तेल या दोन्ही कामांत खोडा घालतं. 2014 मध्ये ट्यूना माशाच्या हृदयपेशींत हे दिसलं; पुढे मुख्य गुन्हेगार म्हणून फिनॅन्थ्रीनचं नाव आलं. अंड्यातल्या भ्रूणाचं हृदय तर धडधडता धडधडताच आकार घेत असतं. ताल चुकला की घडणही बिघडते.

व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘विषारी नॉर्वेजियन मासे’ मात्र विसरा. सोडलेलं पाणी झपाट्याने विरळ होतं आणि परिणाम दिसतात ते मुख्यतः समुद्रातल्या तेल काढणाऱ्या फलाटांच्या आसपास. ‘सागर सगळं पोटात घेतो’ हीसुद्धा तितकीच भाबडी समजूत.

कारण हॅडॉक या माशाचं अंडं. प्रयोगशाळेत तेलाचे सूक्ष्म थेंब त्याच्या कवचाला चिकटलेले दिसले. पाणी कितीही विरळ असो, थेंब अंड्याला लगडलेलाच. थंड पाण्यात पिल्लू बाहेर यायला दोनेक आठवडे लागतात, तोवर ही सोबत सुटत नाही. हॅडॉकचा चुलतभाऊ कॉड. त्याच्या अंड्याला थेंब तसे चिकटत नाहीत. म्हणून ‘मासे ठणठणीत आहेत’ असं सांगणारा अहवाल हाती आला की मी आधी माशाचं नाव बघतो.