महाराष्ट्रातली ऊर्जेची साधनं (इतिहास)

महाराष्ट्रात स्वयंपाक, शेती, गिरण्या, दिवाबत्ती यासाठी काळाप्रमाणे जी जी इंधनं आणि ताकदीची साधनं वापरली गेली त्याची ही नोंद. लाकूड गेलं कोळसा आला, कोळसा गेला वीज आली, असं शाळेत शिकवतात तसं इथं फारसं झालेलं नाही. नवीन येऊन जुन्याच्या शेजारी बसलं. आजही कितीतरी घरात पुढे गॅस आणि मागच्या पडवीत चूल असते, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर आणि चहा गॅसवर.

चुलीचं इंधन प्रत्येक भागात वेगळं. कोकणात झावळ्या, करवंट्या आणि नारळाची सोडणं, विदर्भ-मराठवाड्यात कापूस निघाला की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या, आणि सगळीकडे थापून वाळवलेलं शेण, ज्याला कुठे गोवऱ्या म्हणतात कुठे शेणी. चुलीला शेजारी वैल असायचा म्हणजे एकाच जाळावर दोन भांडी, वैलावर भात किंवा आमटी नुसती रटरटत राहते. जाळ संपला की निखाऱ्यात वांगं नाहीतर कांदा, आणि राख भांडी घासायला. काहीच वाया जात नव्हतं हे खरं, पण त्या धुरात फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचे डोळे आणि छाती वाया जात होती, आणि सरपणाची मोळी पण तीच डोक्यावरून आणायची. चुलीवरच्या जेवणाचे बोर्ड लावणाऱ्या ढाब्यांवर हे कोणी लिहीत नाही.

शेतात ताकद बैलाची. विहिरीतून पाणी काढायची मोट ही तर डोकं वापरून केलेली गोष्ट. विहिरीच्या काठापासून उताराची धाव केलेली असायची, बैल उतारावर चालत गेले की त्यांच्या ओढीबरोबर अंगाचं वजन पण कामाला यायचं आणि जाड नाड्याला बांधलेली कातड्याची भरलेली मोट वर यायची, मोटेच्या खालच्या नळीला म्हणजे सोंडेला बांधलेल्या बारीक दोरीला सोल म्हणतात, त्यामुळे सोंड बरोबर थारोळ्यात (काठावरच्या कुंडीत) रिकामी व्हायची, मग बैल मागे मागे सरकत परत काठापाशी. दिवसभर हेच. तेलाचा घाणा आणि उसाचा चरक पण बैलावरच. पाण्याच्या ताकदीवर दळण मात्र आपल्याकडे कमी दिसतं, त्यातली प्रसिद्ध म्हणजे औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की, लांबच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळातून आणून त्याच्यावर जातं फिरवायचे.

कोळसा आला तो वाफेबरोबर. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. लगेच 1850 च्याच दशकात कावसजी दावर यांची कापड गिरणी मुंबईत सुरू झाली, नागपूरला 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल. मुंबईची अडचण अशी की जवळपास कुठे कोळसाच नाही, चंद्रपूर-वणीकडचा पट्टा पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून सुरुवातीला इंग्लंडहून जहाजानं यायचा, नंतर बंगालकडून, आणि गिरणीचा भोंगा ऐकू यायच्या आधी चिमणीचा धूर दिसायचा.

यावर तोडगा सह्याद्रीत निघाला आणि तो खरंच भारी आहे. लोणावळ्याला बेफाम पाऊस पडतो आणि तिथून खाली खोपोलीपर्यंत कडा सरळ तुटलेला. मग वर वळवण, लोणावळा, शिरवता अशी तळी करायची आणि पाणी मोठ्या पाईपातून साधारण 1,700 फूट खाली सोडून टर्बाईन फिरवायचं. टाटांची कंपनी 1910 ला निघाली, जमशेटजी त्याआधीच 1904 ला गेले होते, आणि 1915 ला खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळायला लागली. पाठोपाठ भिवपुरी (1922) आणि भिरा (1927) ही वीजघरं. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल पण सुरू झाली.

भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधलं, त्यात मावळातली भाताची गावं बुडणार होती म्हणून 1921 ते 1924 मुळशी सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून सेनापती बापट झाले. लढा हरला, धरण झालं. आज कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करतात ना, ते पाणी भिऱ्याहून वीज करून सोडलेलं असतं, म्हणून तर सकाळची वेळ पाळावी लागते!

हीच युक्ती मोठ्या प्रमाणात म्हणजे कोयना. पूर्वेला जाणारं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून पश्चिमेला पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात, आणि तिथून वाशिष्ठीत. 1962 ला वीज सुरू, 11 डिसेंबर 1967 ला मोठा भूकंप, नंतर टप्पे वाढत जाऊन 1,960 मेगावॅट. इथेही गावं उठली, आणि धरणाच्या शिवारातल्या लोकांना दिवे शहरानंतरच मिळाले. 1969 ला तारापूरची अणुभट्टी आली. पण राज्याची बरीचशी वीज कोराडी, चंद्रपूर अशा ठिकाणी कोळसा जाळूनच होते, त्यातून काही सुटका झालेली नाही.

घरात वीज यायच्या आधी रॉकेल होतं. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, त्याची काच राखेनं पुसायचं काम पोरांचं. स्वयंपाकाला वातीचा स्टो नाहीतर पंपाचा, जो फर्र आवाज करायचा आणि भोकात काजळी अडकली की पिन मारायची, भडका उडाला की सगळे बाहेर. रेशनच्या रॉकेलची रांग म्हणजे हातात डबा आणि कार्ड घेऊन अर्धा दिवस. गॅस सिलेंडर मुंबईत 1955 ला बर्मा शेलनं आणला, तरी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. उज्ज्वला योजना 2016 ची, तिनं शेगडी खेड्यात पोचली पण टाकी परत भरायचे पैसे नसले की चूल आहेच. गोबर गॅसनं मधल्या काळात बरीच आशा लावली होती, ज्याच्याकडे जनावरं भरपूर त्याचं चाललं, बाकीच्यांच्या टाक्या कोरड्या पडल्या.

शेतातून पूर्णपणे गेली ती मोट. आधी डिझेल इंजिन आलं, मग विजेची तीनची, पाचची (हॉर्सपॉवर) मोटर. पण शेतीची लाईट बरेचदा रात्रीची, त्यामुळे बॅटरी घेऊन सापाच्या भीतीत दारं मोडायला (म्हणजे पिकात पाणी वळवायला) जायचं, म्हणून आता दिवसा चालणारे सौर पंप लोक मागतायत. साताऱ्याला वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरतायत. आणि गुऱ्हाळात रस काढला की उरलेलं चिपाड वाळवून गुळाच्या चुलवाणात म्हणजे मोठ्या चुलीत घालायचे, आता साखर कारखाने तेच चिपाड बॉयलरला घालून वीज करतात, स्वतःपुरती वापरतात आणि उरलेली विकतात.