कोलॅजन क्रीमने कोलॅजन भरून निघतं?

"वयाने कमी झालेलं कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) क्रीम लावून भरून निघतं" हे इतकी वर्षं ऐकतोय ना, तसं काही होत नाही. कोलॅजनचा रेणू साधारण ३ लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आणि त्वचेतून आत शिरायला वाव जेमतेम ५०० डाल्टनपर्यंतचा, मग ते वरच बसतं, ओलावा धरून ठेवतं, चेहरा जरा तुकतुकीत दिसला की आपण खूश, धुतला की संपलं. खरा घोळ उन्हाचा आहे. दंडाची आतली बाजू आणि मनगटाची वरची बाजू जरा निरखून बघा, वय तेच पण कातडी किती वेगळी! त्यामुळे एसपीएफ ३० चं सनस्क्रीन रोज लावा, खिडकीशी बसत असाल तरी, कारण उन्हातले यूव्हीए (एक प्रकारचे अतिनील) किरण काचेतून येतात. रात्री रेटिनॉल (त्वचेला लावायचं अ जीवनसत्त्वाचं रूप) चालेल, हळूहळू सुरू करा, प्रेग्नन्सीत मात्र नकोच.