कार्ब्युरेटर स्पेसर व हवामार्गातील सुधारणा

कार्ब्युरेटर स्पेसर : कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्ड (ते मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग) यांच्यामध्ये बसवायचा, आरपार भोके असलेला सपाट ठोकळा. याची जाडी बहुधा अर्धा, एक किंवा दोन इंच (सुमारे १३, २५ किंवा ५१ मिमी) असते. अमेरिकी व्ही-८ इंजिनांच्या वेगवान गाड्यांमध्ये तो सर्वाधिक वापरला जातो. प्रस्तुत नोंदीत शेव्हरोलेटचे ३५० घन इंची (५.७ लिटर) स्मॉल-ब्लॉक इंजिन आणि त्यावरील होली पद्धतीचा फोर-बॅरल, म्हणजे चार हवानलिकांचा, कार्ब्युरेटर हे उदाहरण घेतले आहे.

स्पेसर दोन वेगवेगळी कामे करतो. पहिले काम उष्णता अडवण्याचे. इंजिन बंद केल्यावर पाण्याचे आणि हवेचे अभिसरण थांबते, मॅनिफोल्डची उष्णता वर चढते आणि फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातले, पेट्रोल उकळू लागते. ते थेंबाथेंबाने मॅनिफोल्डमध्ये गळते आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू करताना इंजिन जादा पेट्रोलमुळे ‘ओव्हर’ होते. फिनॉलिक म्हणजे बेकलाइटच्या जातीचे प्लास्टिक किंवा थर चिकटवलेले लाकूड यांचा स्पेसर ही उष्णता चांगली रोखतो. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता फिनॉलिकच्या शेकडो पट असते, त्यामुळे केवळ उष्णतेसाठी ॲल्युमिनियमचा स्पेसर घेण्यात अर्थ नाही. तो मजबूत असतो आणि वारंवार खोल-जोड करणाऱ्या शर्यतीच्या गाडीत टिकतो, एवढाच त्याचा फायदा.

दुसरे काम प्लेनमचे, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पोकळीचे, आकारमान आणि हवेची दिशा बदलण्याचे. चार स्वतंत्र भोकांचा स्पेसर प्रत्येक बॅरलचा प्रवाह वेगळा ठेवतो. हवेचा वेग टिकतो, बूस्टर व्हेंचुरीवर (पेट्रोल ओढून घेणाऱ्या अरुंद नळीवर) ओढ चांगली बसते आणि खालच्या आरपीएमला पिकअप सुधारतो. मधून पूर्ण मोकळा असलेला स्पेसर प्लेनम वाढवतो. बॅरलमधून सरळ खाली येणाऱ्या हवेला पोर्टकडे (सिलिंडरकडे जाणाऱ्या मार्गाकडे) वळायला जागा मिळते आणि फायदा वरच्या आरपीएमला दिसतो. डबल-प्लेन मॅनिफोल्डवर मोकळा स्पेसर लावला की मधल्या भिंतीने वेगळे केलेले दोन भाग वरून जोडले जातात, प्रत्येक सिलिंडरला चारही बॅरलमधून हवा घेता येते, पण कमी आरपीएमवरचा टॉर्क थोडा घटतो. शहरात चालवायच्या गाडीला हा सौदा परवडत नाही. वर चार भोके आणि खाली निमुळते होत मोकळे झालेले तोंड असा मिश्र प्रकारही मिळतो. कोणत्या इंजिनाला कोणता लागू पडेल हे कॅम (झडपा उघडणारा दांडा), मॅनिफोल्ड आणि पोर्ट यांवर ठरते. त्यामुळे अनुभवी ट्यूनर दोन-तीन प्रकार एकाच दिवशी, त्याच पेट्रोलवर डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) लावून पाहतात आणि मगच एक ठेवतात.

स्पेसर ताकद वाढवतोच असे नाही. अमेरिकेतील नॅसकारच्या कप मालिकेच्या शर्यतींत २०१९ मध्ये निमुळत्या भोकांचा स्पेसर इंजिनाची ताकद मर्यादित ठेवण्यासाठीच आणला गेला. त्याआधी डेटोना व टॅलाडेगा येथे हे काम १९८८ पासून रेस्ट्रिक्टर प्लेट (लहान भोकांची, हवा अडवणारी पट्टी) करत होती.

बसवताना प्रथम भोकांची मांडणी जुळवावी. होलीच्या चौरस मांडणीत चारही बॅरल साधारण सारखे असतात, तर रॉचेस्टर क्वाड्राजेटमध्ये पुढचे लहान आणि मागचे बरेच मोठे असतात. चुकीचा स्पेसर बटरफ्लायला (बॅरलमधल्या फिरत्या झडपेला) अडतो किंवा प्रवाहात कड निर्माण करतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढून पेट्रोलची नळी सोडवावी, व्हॅक्यूमच्या नळ्यांना खुणा कराव्यात आणि कार्ब्युरेटर उतरताच मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, कारण आत पडलेला एक वॉशरही पिस्टन फोडू शकतो. जुने पॅकिंग खरवडून सरळ पट्टीने पृष्ठभाग तपासावा. स्पेसरच्या वर एक आणि खाली एक अशी दोन नवी पॅकिंग लागतात. सीलंट लावू नये. स्टड ५/१६ इंची असतात. एक इंची स्पेसरसाठी ते मूळ स्टडपेक्षा एक इंच आणि जादा पॅकिंगच्या जाडीइतके जास्त लांब हवेत, आणि ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये किमान १२ मिमी आटे पकडले गेले पाहिजेत. नट तिरप्या क्रमाने थोडे थोडे करत ७ ते ९ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावेत. जास्त जोर दिल्यास कार्ब्युरेटरची बैठक वाकते, मग हवा गळते आणि आयडल वरखाली होऊ लागतो.

इंजिन सुरू करण्यापूर्वी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चारही बटरफ्लाय न अडता उघडतात आणि सोडताच बंद होतात हे हाताने पाहावे. कार्ब्युरेटर उंच झाल्यामुळे केबलचा कोन बदलतो, म्हणून ब्रॅकेटही तेवढाच वर घ्यावा लागतो. ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नव्याने जुळवणे अनिवार्य आहे. ती सैल राहिली तर आतला तेलाचा दाब कमी पडतो आणि क्लच थोड्याच दिवसांत जळतात. बॉनेटची जागा तपासण्यासाठी एअर क्लीनरच्या झाकणावर मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट अलगद बंद करावे. उघडल्यावर माती किमान पाऊण इंच जाड उरली पाहिजे, कारण जोर लावताना इंजिन माउंटिंगवर हलते.

हवामार्गात सुधारणा करताना तापमान आणि अडथळा या दोनच गोष्टींचा विचार करावा. बॉनेटखाली ६० अंश सेल्सिअसची हवा घेणाऱ्या इंजिनाला बाहेरची ३० अंशांची हवा दिली तर हवेची घनता सुमारे १० टक्के वाढते. बॉनेटवरच्या स्कूपचा, म्हणजे बाहेरची हवा घेणाऱ्या तोंडाचा, खरा लाभ हाच. वाऱ्याच्या रेट्याचा वाटा फार लहान आहे. ताशी १६० किमी वेगालाही तो रेटा वातावरणीय दाबाच्या सव्वा टक्क्याच्या आतच असतो. १९६९ च्या कमॅरोवरील काउल इंडक्शन बॉनेटचे तोंड मागे, समोरच्या काचेच्या तळाशी आहे, कारण तेथे हवेचा दाब जास्त असतो आणि हवा थंड मिळते. स्कूप आणि एअर क्लीनर यांच्यातील फोमची कड नीट बसली नाही तर इंजिन पुन्हा गरम हवाच ओढते. फ्लोट चेंबरच्या हवानळ्या एअर क्लीनरच्या आतच राहिल्या पाहिजेत. त्या बाहेर राहिल्या तर दाबात फरक पडून मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

फिल्टरसाठी १४ इंच व्यासाचा, ३ इंच उंचीचा गोल घटक अशा इंजिनाला पुरतो. स्पेसरमुळे उंची वाढली म्हणून खोल तळाचा एअर क्लीनर लावतात, तेव्हा झाकण हवानळ्यांच्या फार जवळ येत नाही ना ते पाहावे. अडथळा मोजणे सोपे आहे. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडून पूर्ण थ्रॉटलवर कमाल आरपीएमपर्यंत गाडी न्यावी (बंद ट्रॅकवर किंवा डायनोवरच). गेज एक ते दीड इंच पाऱ्याच्या वर गेला तर काहीतरी अडते आहे. फिल्टर काढून तीच चाचणी केल्यावर आकडा उतरला तर दोष फिल्टरचा, नाहीतर कार्ब्युरेटर लहान आहे. ३५० घन इंच गुणिले ६,००० आरपीएम भागिले ३,४५६ म्हणजे ६०८ सीएफएम (दर मिनिटाला घनफूट हवा) येतात. सिलिंडर प्रत्यक्षात ८५ टक्केच भरतात असे धरल्यास ५१६ पुरतात. म्हणून या इंजिनावर ८५० सीएफएमचा कार्ब्युरेटर लावणे ही नेहमीची पण टाळण्याजोगी चूक आहे.

यानंतर ट्यूनिंग करावेच लागते. पूर्ण थ्रॉटलवर हवा-पेट्रोल गुणोत्तर १२.५ ते १३ च्या दरम्यान हवे. ते १३.५ च्या पुढे गेले तर मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) दोन क्रमांकांनी मोठा घ्यावा. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळत असेल तर मोठ्या भोकाचा स्क्विर्टर (पेट्रोलची पिचकारी मारणारी तोटी) लावून पाहावा. आयडलचे स्क्रू गेज पाहत, सर्वाधिक व्हॅक्यूम येईल तेथे ठेवावेत.

भारतात जुन्या मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरखालीही उष्णतारोधक ठोकळा असतो. त्याला तडा गेला किंवा तो वाकला की आयडल टिकत नाही. असा ठोकळा घासून सपाट करण्यापेक्षा बदलावा. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ ऐवजी साधारण १३.५ हे गुणोत्तर लागते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेला जेट तसाच ठेवला तर मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते. अशा गाडीत स्पेसर किंवा फिल्टरला हात लावण्याआधी जेट आणि रबरी नळ्या बदलाव्यात.